शाकुंतलानंतरचे अण्णासाहेब

मराठी संगीत रंगभूमीचे जनक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या कानडी मुलखातील गावी झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले.

अण्णासाहेब शिक्षणासाठी पुण्यास आले खरे, पण त्यांचे चित्त पुस्तकांपेक्षा नाटक मंडळ्यांना पदे रचून देण्यात अधिक रमे. परीक्षेतील यश त्यांच्या वाट्याला आले नाही. पुढे त्यांनी शिक्षकी केली, सरकारी कचेरीत नोकरी केली. पण नाटकाचे वेड काही सुटले नाही.

१८८० साली पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचे 'इंद्रसभा' पाहिले आणि असे संगीत नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांना झपाटले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला कालिदासाच्या आधारे रचलेले 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. पूर्वी पदे म्हणण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. येथे पात्रे स्वतःच गाऊ लागली. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांसारखे गायक नट त्यांना लाभले. प्रेक्षकांनी नाटक डोक्यावर घेतले.

आता पुढे काय? पुन्हा एखादे संस्कृत नाटक मराठीत आणणे सोपे होते. आधार कालिदासाचा असला, की निम्मे यश पदरात पडलेलेच असते! पण अण्णासाहेबांनी अवघड वाट धरली. सुभद्राहरणाची कथा घेऊन त्यांनी स्वतःचे नाटक रचले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी 'संगीत सौभद्र'चे पहिले तीन अंक झाले आणि १८८३ मध्ये पाच अंकांचे संपूर्ण नाटक आले. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा लोकांच्या मनात ठसली. नाटकातील देव आपल्या घरातल्या माणसांसारखे वागतात. बहिणीचे लग्न आपल्या मर्जीने ठरवणारा थोरला भाऊ बलराम आणि आतून वेगळेच कारस्थान रचणारा धाकटा कृष्ण आपल्या गावातही भेटतील. पदांच्या चालींत कीर्तनातील साकी-दिंडी आहे, तशीच लावणीची ठेकेदार चालही आहे. ती चाल आपल्या नगर जिल्ह्यातील जत्रांना काही परकी नाही.

'सौभद्र' गाजल्यावरही ते थांबले नाहीत. १८८४ मध्ये 'रामराज्यवियोग'चे तीन अंक रंगभूमीवर आले. पण २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेब निवर्तले. नाटक अपुरेच राहिले.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले. एक परीक्षा पार पडली, की तेवढ्यावर समाधान मानण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. अण्णासाहेबांनी शाकुंतलावर समाधान मानले असते, तर आजही रंगणारे 'सौभद्र' महाराष्ट्राला मिळाले नसते. त्यांचे तिसरे नाटक अपुरे राहिले, याची हळहळ वाटते. परंतु ते हाती घेण्याचे धाडस मला त्यांच्या दोन्ही यशांइतकेच मोलाचे वाटते.

— द्वितीय वर्ष, कला