धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीता सांगायचे, साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली

१९३२ चं साल. कायदेभंगाची चळवळ जोरात होती आणि खानदेशातले सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात येऊन पडत होते. तिथं २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबा भावेंनी कैद्यांसमोर गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन दिलं. दर रविवारी एक अध्याय या हिशेबानं १९ जूनला अठरावा अध्याय संपला.

ऐकायला जमनालाल बजाजांसारखे मोठे नेते होते, तसे खेड्यापाड्यांतले साधे कार्यकर्तेही होते. त्यातलाच एक बत्तीस वर्षांचा माणूस खाली मान घालून भराभर लिहीत असायचा. विनोबांचं बोलणं तो शब्दाला शब्द टिपून घेत होता. हा माणूस म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी.

गुरुजी मूळचे कोकणातले. २४ डिसेंबर १८९९ ला दापोलीजवळच्या पालगडला त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षणासाठी औंध, पुणे अशी वणवण झाली. १९१७ मध्ये आई गेली. तरी १९२२ मध्ये ते बी.ए. झाले आणि पुढच्या वर्षी खानदेशात आले.

आता कोकणातला मुलगा खानदेशात कशाला आला?

तर त्याचं कारण होतं अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये ही संस्था काढली. देशभरातून हुशार तरुण यावेत, त्यांना शिष्यवृत्ती मिळावी आणि पोटाची चिंता न करता त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा, अशी त्यामागची कल्पना. पुढं कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे नामवंत तत्त्वज्ञ इथं संचालक होते. १९२५ पासून इथून तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिकही निघायला लागलं. बोरी नदीच्या काठावरच्या एका तालुक्याच्या गावात हे सगळं चाललं होतं.

गुरुजींना इथं अभ्यासाला सगळी मोकळीक होती. पण ते फार काळ रमले नाहीत. जून १९२४ मध्ये ते अमळनेरच्याच शाळेत, म्हणजे पुढच्या प्रताप हायस्कूलमध्ये, शिक्षक म्हणून रुजू झाले. विद्वानांच्या बैठकीतून उठून ते थेट पोरांच्या वर्गात गेले.

शाळेबरोबर वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. आजारी मुलांची सेवा करणं, त्यांचे कपडे धुणं ही कामं ते स्वतः करायचे. मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक सुरू केलं. दिवसभर शिकवायचं आणि रात्री जागून उद्याचा अंक हातानं लिहून काढायचा. मोठमोठ्या ग्रंथांतलं ज्ञान पोरांना कळेल अशा भाषेत मांडायची सवय त्यांच्या हाताला इथंच लागली.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते चळवळीत उतरले. धुळ्यानंतर त्यांची रवानगी तमिळ मुलखातल्या त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. तिथं दक्षिणेतल्या भाषा बोलणारे कैदी होते. शेजारी बसलेल्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, याची खंत गुरुजींना लागली. ते तमिळ शिकले, पुढं तिरुक्कुरळ मराठीत आणलं. आंतरभारतीची कल्पना इथंच रुजली.

सुटून आले आणि १९३२ मध्ये पुन्हा धुळ्यात आत गेले. विनोबांच्या प्रवचनांसमोर वही घेऊन बसलेला माणूस अशा तयारीनं आला होता.

विनोबांनी ही प्रवचनं आधी लिहून आणलेली नव्हती. समोरच्या कैद्यांना समजेल अशा बोलीत ते बोलत होते. कोणी लिहून घेतलं नसतं तर ते शब्द त्या भिंतींच्या आतच विरून गेले असते. गुरुजींच्या वह्यांमधून 'गीता प्रवचने' हे पुस्तक उभं राहिलं आणि भारतातल्या बहुतेक प्रमुख भाषांमध्ये गेलं.

पुढच्याच वर्षी गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून काढला. या पुस्तकाची मांडणी बघा. त्यात प्रकरणांऐवजी 'रात्री' आहेत. रोज प्रार्थनेनंतर श्याम आश्रमातल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. कालपर्यंत दुसऱ्याचं ऐकून लिहिणारे गुरुजी इथं स्वतः सांगायला बसले.

नंतर ते अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांमध्ये राबले. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव फिरले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, पण त्याआधी महाराष्ट्रभर हिंडून लोकांशी बोलले. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. सगळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, यासाठी आंतरभारतीची धडपड शेवटपर्यंत चालू होती. ११ जून १९५० ला त्यांनी आपली जीवनयात्रा संपवली. तेव्हा त्यांचं वय फक्त ५० होतं.

अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर आज प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ओळखलं जातं आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेलं आहे. गुरुजी तिथं जेमतेम वर्षभर होते. पण तत्त्वज्ञानाचा तो अभ्यास त्यांनी वर्गात, वसतिगृहात आणि तुरुंगात नेला. विनोबांची प्रवचनं असोत की श्यामच्या रात्री, दोन्ही पुस्तकं तुरुंगात जन्मली आणि आजही घरोघरी वाचली जातात. दोन्ही कागदावर उतरवणारा हात एकाच मास्तरांचा होता.