टोपीकरांची नियत ओळखणारे रामचंद्रपंत अमात्य

भेस्तान (सुरत) : भेस्तानहून सुरतकडे निघालं की पुढचंच स्टेशन उधना. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेत शिरण्याआधी शिवाजी महाराजांचा तळ इथंच पडला होता. आज उधना, पांडेसरा, लिंबायत, भेस्तान या पट्ट्यात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांच्यातली जी मुलं राज्यशास्त्रात एम.ए. करतात, त्यांना आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सिद्धांतांत मॅकियाव्हेली, हॉब्ज, मॉर्गेन्थाऊ वाचावे लागतात. आपल्याकडचा म्हणून कौटिल्य असतो. त्याच रांगेत बसावा असा एक मराठी माणूस मात्र सहसा इतिहासाच्या पुस्तकातच राहतो. तो म्हणजे रामचंद्र नीळकंठ बावडेकर, अर्थात रामचंद्रपंत अमात्य.

पंतांचा जन्म १६५० च्या सुमारासचा. आजोबा सोनोपंत डबीर आणि वडील निळो सोनदेव, दोघेही स्वराज्याच्या चाकरीत होते. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी पंत अष्टप्रधानांत अमात्य झाले. म्हणजे राज्याचा जमाखर्च त्यांच्या हाती आला.

खरी कसोटी १६८९ मध्ये लागली. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला निघून गेले. जाताना त्यांनी महाराष्ट्राचा कारभार पंतांवर सोपवला, हुकुमतपन्हा असा किताब दिला. राजा शेकडो कोस लांब, समोर खुद्द औरंगजेब, खजिना रिकामा. अशा अवस्थेत पंतांनी विशाळगडावरून गाडा हाकला. शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्या साथीनं किल्ले परत मिळवले. औरंगजेब वतनांचं आमिष दाखवून मराठे सरदार फोडत होता. ते टिकवायचे तर स्वराज्यालाही वतनं द्यावी लागली. या वतनदारीची किंमत पुढे काय मोजावी लागते, हे पंतांनी डोळ्यांनी पाहिलं.

१७०७ नंतर शाहू सातारला, ताराबाई पन्हाळ्याला, अशी घरातच फाळणी झाली. पंत ताराबाईंच्या बाजूनं राहिले. पण १७१४ मध्ये राजसबाईंनी ताराबाईंना कैद करून आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं. त्या उलथापालथीत पंतांचाही हात होता, असं मानलं जातं.

याच तरुण राजासाठी १७१५ मध्ये आज्ञापत्र तयार झालं. राजानं कसं वागावं, वतनदारांना आवरावं कसं, किल्ले, आरमार, इतकंच काय, जहाजांसाठी झाडं तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, इथपर्यंत त्यात आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्यानं मात्र आधी टोपीकरांवरचा भाग वाचावा.

कौटिल्याचं मंडळ मुख्यतः जमिनीवरच्या शेजाऱ्यांचं. पंतांसमोर वेगळाच प्रकार होता: समुद्रापलीकडून आलेला, हातात तराजू आणि वखारीत तोफा. १६६४ मध्ये सुरत शहर लुटलं गेलं, पण इंग्रज आणि डच वखारी शाबूत राहिल्या होत्या. पंतांचा हिशेब सरळ होता. व्यापाराशिवाय राज्य चालत नाही, सावकार ही राज्याची शोभा. पण इंग्रज, पोर्तुगीज, डच हे साधे सावकार नव्हेत, प्रत्येकाच्या मागे त्याचा राजा आहे. त्यांना व्यापार करू द्यावा, पण किनाऱ्यावर पक्कं ठाणं देऊ नये. वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रापासून आत, मोठ्या शहराच्या नजरेखाली, सखल ठिकाणी द्यावी. वर्गात ज्याला वास्तववाद म्हणतात, तो हाच.

१७१६ मध्ये पन्हाळ्यावर पंत वारले. त्यांची समाधी तिथंच आहे.

पुढे १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांचीच मदत घेऊन विजयदुर्गावर आंग्र्यांचं आरमार बुडवलं. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांनी घेतला. आणि मार्च १७७५ मध्ये, आज्ञापत्राला साठ वर्षं होत असताना, राघोबादादांनी पेशवेपदासाठी इंग्रजांचं सैन्य मागितलं आणि बदल्यात साष्टी, वसई देऊ केली. त्या कराराला तहनाम्यांच्या यादीत सुरतेचा तह म्हणतात.