रबराला थकवा का येतो? चार्ल्स गुडइयरच्या वितळलेल्या पिशव्यांची गोष्ट

अमरावती ते अकोला अंतर साधारण ९५ किलोमीटर. एसटीच्या चाकाचा घेर सव्वातीन मीटर धरला, तर एका खेपेत ते जवळपास २९ हजार वेळा फिरतं. प्रत्येक वेळी टायरची बाजू रस्त्याशी येताना दबते आणि वर जाताना सुटते. एकदा दबल्याने काहीच बिघडत नाही. पण हजारो वेळा झालं की कुठेतरी केसाएवढी भेग पडते आणि ती थोडी थोडी वाढत जाते. इंजिनिअरिंगमध्ये याला फटिग, म्हणजे थकवा म्हणतात. हा थकवा झेलणारं रबर ज्याच्यामुळे मिळालं, तो चार्ल्स गुडइयर.

तुरुंगातलं लाटणं

गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. हार्डवेअरचा धंदा १८३० च्या सुमारास बुडाला आणि कर्जापायी तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. १८३४ मध्ये तो एका रबर कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानात लाइफ प्रिझर्व्हरसाठी सुधारलेली झडप घेऊन गेला. तिथे कळलं की अडचण झडपेची नाहीच, रबराची आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट लगदा व्हायचं, थंडीत कडक होऊन तडकायचं. विकलेला माल परत येत होता.

त्याला केमिस्ट्री येत नव्हती. तरी फिलाडेल्फियाच्या तुरुंगात बायको क्लॅरिसाचं लाटणं मागवून त्याने रबर मळायला घेतलं.

पिशव्या वितळल्या

पुढे नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेने रबराचा चिकटपणा गेला. सरकारने टपालाच्या १५० पिशव्यांची ऑर्डर दिली. पिशव्या तयार झाल्या, देखण्या दिसत होत्या. त्या उबदार खोलीत टांगून तो काही आठवडे बाहेरगावी गेला. परत येऊन बघतो तर पिशव्या लिबलिबीत झालेल्या. आम्लाचा परिणाम फक्त वरच्या थरावर झाला होता, आतलं रबर कच्चंच होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: डेमो छान झाला आणि प्रॉडक्शनमध्ये आपटलं. ताज्या नमुन्याला हात लावून बघणं म्हणजे टेस्टिंग नव्हे. उष्णता, वेळ आणि रोजचा वापर हे तिन्ही टेस्टमध्ये यावे लागतात.

गंधकाचे पूल

नॅथॅनिअल हेवर्डकडून त्याला गंधकाची युक्ती मिळाली. १८३९ मध्ये वोबर्न गावी गंधक मिसळलेलं रबर चुकून तापलेल्या शेगडीला लागलं. ते वितळलं नाही, चामड्यासारखं करपलं आणि कडेला लवचिक राहिलं. तापमान किती, वेळ किती, हे बसवायला पुढची पाच वर्षं गेली. घरात खायची भ्रांत होती, काही मुलं लहानपणीच दगावली. अखेर १५ जून १८४४ ला पेटंट मिळालं.

झालं होतं असं: रबराचे रेणू म्हणजे लांब, सुट्या साखळ्या. गंधक त्यांच्यात पूल बांधतं. हे पूल लांब, म्हणजे गंधकाचे जास्त अणू असलेले ठेवले, तर वारंवारची ओढाताण चांगली सोसली जाते, पण उष्णतेत ते टिकत नाहीत. आखूड पूल उष्णता सोसतात, पण भेगा लवकर पडतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या वऱ्हाडात रबराला दोन्ही सोसावं लागतं, म्हणून मधला मार्ग काढावा लागतो.

आज टेस्ट कशी करतात?

डी मॅटिया मशीनवर आडवी खाच असलेली रबराची पट्टी पुन्हा पुन्हा वाकवतात आणि किती वेळा वाकवल्यावर भेग किती वाढली ते मोजतात. दुसऱ्या पद्धतीत डंबेलच्या आकाराचे नमुने वेगवेगळ्या ताणाने तुटेपर्यंत ओढून आलेख काढतात. काही नमुने आधी ओव्हनमध्ये तापवून 'म्हातारे' केले जातात.

एक गंमत म्हणजे, नैसर्गिक रबर दर वेळी पूर्ण सैल सोडलं तर लवकर तुटतं, थोडं ताणलेलंच ठेवलं तर बरंच जास्त टिकतं. ताणात भेगेच्या टोकाशी साखळ्या स्फटिकासारख्या रांगेत बसतात आणि भेग अडते. त्यामुळे टेस्टमधला ताण प्रत्यक्ष भागावर येणाऱ्या ताणासारखा नसेल, तर आकडे फसवतात.

शेवट

इंग्लंडमध्ये गुडइयरचे नमुने पाहिलेल्या थॉमस हॅनकॉकने आधीच पेटंट घेतलं होतं. अमेरिकेतला मोठा खटला १८५२ मध्ये गुडइयर जिंकला, पण पैसा टिकला नाही. १८५५ मध्ये फ्रान्समध्ये त्याला मोठा सन्मानही मिळाला आणि कर्जासाठी कोठडीही. १ जुलै १८६० ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला तेव्हा डोक्यावर सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज होतं.

टायरवर दिसणारं त्याचं नाव १८९८ मध्ये निघालेल्या कंपनीने आदरापोटी घेतलं. त्याचा किंवा त्याच्या कुटुंबाचा त्या कंपनीशी संबंध नव्हता. टायरच्या आतले गंधकाचे पूल मात्र त्याचेच.