पेशीतली चूल शोधणाऱ्या कमलाबाई

नंदुरबारला मी जीवशास्त्र शिकवते. पेशीला ताकद कुठून मिळते, हा धडा आला की कमला सोहोनींचे नाव मी हमखास घेते. दुर्गाबाई भागवत साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. त्यांची ही धाकटी बहीण मात्र आमच्या मुलींना नवीन असते.

कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या. वडील आणि काका बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनतज्ज्ञ. साहजिकच त्यांनीही तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. त्यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला! कमलाबाई हटल्या नाहीत. त्यांनी समोर जाऊन जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, ही त्यातली एक. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर इतके चोख काम केले, की रामन यांचे मत पालटले आणि मुलींसाठी संस्थेचे दार उघडले.

पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन आढळले. अन्नातली ऊर्जा मोकळी करण्याचे काम पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात चालते. तिथे इलेक्ट्रॉन हातोहाती प्राणवायूपर्यंत पोचतात. त्या साखळीतला एक हात म्हणजे सायटोक्रोम सी. थोडक्यात, माणसाची आणि बटाट्याची चूल एकाच घडणीची! जेमतेम ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

आज हे प्रथिन हुडकायला तयार अँटिबॉडी मिळते. ती नेमकी त्यालाच चिकटते आणि तिला जोडलेल्या रंगामुळे ते कुठे आहे, हे दिसते. पेशी मरणपंथाला लागली की हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियातून बाहेर पडते, हे १९९६ पासून उलगडत गेले. तेही या अँटिबॉडीने टिपता येते. कमलाबाईंच्या हाती यातले काहीच नव्हते.

केंब्रिजहून त्या मायदेशी परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था असा प्रवास झाला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. आदिवासी भागातली कुपोषित मुले आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा आली की प्रकृती सुधारते, हे त्यांनी दाखवले. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठी मात्र बाई म्हणून त्यांना पुन्हा ताटकळावे लागले.

१९९८ साली त्या गेल्या. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुपोषण हा शब्द अजून जुना झालेला नाही. पेशीतली चूल कितीही चोख असली, तरी तिच्यात घालायला आधी ताटात काही पडावे लागते. केंब्रिजची पदवी घेऊन आलेल्या कमलाबाई हे कधी विसरल्या नाहीत.