हेन्री फोर्ड

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराजवळ, एका शेतकऱ्याच्या घरी ३० जुलै १८६३ रोजी हेन्री फोर्ड यांचा जन्म झाला. शेतीत त्यांचे मन रमत नसे. घड्याळे उघडावीत, त्यांतील चक्रे न्याहाळावीत व पुन्हा जुळवावीत, हाच त्यांचा छंद. सोळाव्या वर्षी डेट्रॉइटला जाऊन ते एका यंत्रशाळेत उमेदवारी करू लागले. १८९६ साली घरामागील कोठीत त्यांनी आपली पहिली मोटार तयार केली. ती दारातून बाहेर निघेना, तेव्हा त्यांनी भिंतीच्या विटाच पाडल्या!

१९०३ साली त्यांनी कंपनी स्थापन केली. १९०८ साली निघालेली त्यांची ‘मॉडेल टी’ मोटार लोकांना इतकी पसंत पडली, की मागणी पुरविणे कठीण झाले. म्हणून १९१३ साली हायलँड पार्क येथील कारखान्यात त्यांनी नवी रीत सुरू केली. आता मोटारच सरकत सरकत कामगारापुढे येई. कोणी दिवसभर केवळ नट आवळी, तर कोणी केवळ चाके बसवी. साडेबारा तासांची जुळणी सुमारे दीड तासात होऊ लागली.

यंत्र कंटाळत नाही, माणूस कंटाळतो. कामगार काम सोडून जाऊ लागले. त्या एका वर्षात सुमारे १४,००० जागा भरलेल्या ठेवण्यासाठी ५२,००० च्या वर माणसे नेमावी लागली!

५ जानेवारी १९१४ रोजी कंपनीने जाहीर केले, की कामगारास रोज ५ डॉलर मिळतील आणि काम नऊऐवजी आठच तासांचे राहील. पूर्वीचा रोज अडीच डॉलरांहूनही कमी होता. आठ तासांमुळे दोनऐवजी तीन पाळ्या चालविता येणार होत्या. त्यासाठी नवे कामगारही हवे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कारखान्याच्या दाराशी हजारो बेकार लोटले. जागा थोड्या, माणसे अमाप. १२ जानेवारीस गर्दी आवरेना, तेव्हा त्या कडाक्याच्या थंडीत लोकांवर पाण्याचे फवारे सोडण्यात आले. पोटासाठी आलेली ती माणसे कुडकुडत परतली.

ज्यांना काम मिळाले, त्यांनाही अटी होत्या. तपासनीस कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे काय, दारूचे व्यसन आहे काय, शिल्लक टाकली जाते काय, हे पाहत. उणे आढळल्यास वाढीव रक्कम रोखली जाई. स्त्रियांना तर प्रारंभी हा लाभ नव्हताच. तरीही कामगार टिकले व उत्पादन वाढले. ८५० डॉलरांची मोटार १९२५ पर्यंत २६० डॉलरांना मिळू लागली.

कामगार संघटनेला मात्र फोर्ड यांनी दीर्घकाळ दाद दिली नाही. अखेर संपापुढे नमून १९४१ साली त्यांना तिच्याशी करार करावा लागला. ७ एप्रिल १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.