चार बाद शून्य आणि बडोद्याचा अबोल कर्णधार

विजय हजारे करंडक स्पर्धेत गोव्याचा संघ हरला की दुसऱ्या दिवशीची चर्चा ठरलेली असते. सलामीला अमुक कशाला, तमुकाला वर का पाठवले नाही, कर्णधाराने गोलंदाज बदलायला उशीर का केला, प्रशिक्षक काय करत होते? ज्यांचे नाव या करंडकाला दिले आहे, त्या हजारे यांनाही कर्णधार असताना याच प्रश्नांचा मारा सोसावा लागला होता.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शिक्षक, भावंडे पुष्कळ. ऑस्ट्रेलियाचा विख्यात लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट भारतात आला असता त्याचे मार्गदर्शन तरुण हजारेंना लाभले. बॅट दोन्ही पॅडच्या मधोमध धरून उभे राहण्याची हजारेंची पद्धत पाहणाऱ्याला अवघडलेली वाटे. ग्रिमेटने ती मोडली नाही. चांगल्या प्रशिक्षकाने कशाला हात लावू नये, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या क्रिकेटमध्ये क्वचितच सापडेल.

१९३९-४० च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीतील भारतीय फलंदाजाचे ते पहिले त्रिशतक. ते झाले बडोद्याविरुद्ध, आणि पुढे बडोदा हेच त्यांचे घर बनले. गायकवाडांच्या संस्थानात क्रिकेटला राजाश्रय होता, गावात मराठी बोलणारी वस्ती होती. सांगलीच्या माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नव्हते. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल मोहम्मद (३१९) आणि हजारे (२८८) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला.

एकट्याने डाव ओढणे हे त्यांच्या नशिबी लिहिलेलेच होते. १९४३-४४ च्या मुंबईतील पंचरंगी सामन्यांत ख्रिस्ती असल्याने ते ‘इतर’ संघाकडून खेळत. हिंदू संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या होत्या, तरी संघ डावाने हरला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यापुढे त्यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात २०१ धावांवर असलेल्या ब्रॅडमनचा त्यांनी त्रिफळा उडवला, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते. कसोटी भारताने डावाने गमावली.

१९५१ मध्ये कर्णधारपद आले ते अशा माणसाकडे. स्वभाव भिडस्त, बोलणे मोजके, आज्ञा करण्यापेक्षा स्वतः करून मोकळे होण्याकडे कल. दिल्लीच्या पहिल्याच कसोटीत नाबाद १६४ धावा करूनही डाव उशिरा सोडल्याची टीका झाली. इंग्लंडने तो सामना वाचवला. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला मात्र विनू मांकड यांनी १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली आणि भारताने इंग्लंडला एक डाव आणि आठ धावांनी हरवले. कसोटीतला हा देशाचा पहिला विजय. त्याचे कर्णधार हजारे होते, याची आठवण फारशी काढली जात नाही. आठवण निघते ती लीड्सची.

जून १९५२. पहिल्या डावात ४२ धावांत तीन गडी गेल्यावर हजारे (८९) आणि कोवळा विजय मांजरेकर (१३३) यांनी २२२ धावा जोडल्या. दुसऱ्या डावात कर्णधाराने फलंदाजीचा क्रम फिरवला. यष्टिरक्षक माधव मंत्री तिसरे, मांजरेकर चौथे, स्वतः हजारे सहावे. पदार्पण करणारा फ्रेड ट्रुमन आणि अनुभवी बेडसर यांनी चौदा चेंडूंत रॉय, बडोद्याचेच दत्ताजीराव गायकवाड, मंत्री आणि मांजरेकर यांना माघारी धाडले. धावफलकावर चार बाद शून्य. त्यानंतर हजारेंनी ५६ आणि फडकरांनी ६४ धावा करून डाव १६५ पर्यंत नेला. सामना सात गड्यांनी गेला.

हजारे वर आले असते तर काय घडले असते, हा वाद आजही रंगू शकतो. त्या दिवशी क्रम चुकला, असे प्रस्तुत लेखकालाही वाटते. जो फलंदाज पहिल्या डावात त्याच गोलंदाजांना पुरून उरला होता, त्याने मागे थांबण्यात हशील नव्हते. पण मूळ चूक त्याआधीची आणि मंडळाची होती. लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबचा प्रस्ताव हाती असताना मांकड यांनी दौऱ्यातील निवडीची हमी मागितली. मंडळाने ती नाकारली. मद्रासचा विजयवीर त्यामुळे लीड्सला संघाबाहेर होता. पराभवानंतर घाईघाईने त्यांना सोडवून आणले, तेव्हा लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. तोही सामना हरलाच. मँचेस्टरला तर संघ एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत दोनदा बाद झाला. रोष सारा कर्णधारावर.

१९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर हजारेंचे कसोटी खेळणे संपले. चौदा कसोटींत नेतृत्व, एक विजय, पाच पराभव. तीस कसोटींत सात शतके, २,१९२ धावा, सरासरी ४७.६५. नेतृत्वाच्या ओझ्याने एक थोर फलंदाज खचला, असे विजय मर्चंट यांचे मत होते.

बडोद्यासाठी मात्र ते खेळतच राहिले. १९५७-५८ मध्ये दत्ताजीरावांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने सेनादलाला हरवून रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्रेचाळिशीला टेकलेल्या हजारेंनी अंतिम सामन्यात द्विशतक केले. क्षेत्ररचना लावण्याची, कुणाला कुठे पाठवायचे हे ठरवण्याची जबाबदारी त्या दिवशी दुसऱ्याची होती. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यातच त्यांचे निधन झाले.