धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम : दीनांच्या दारीं जाणारा प्रापंचिक

धर्मग्रामाची ज्युबिली आली म्हणजे ज्यांनीं देऊळ उभारलें, ज्यांनीं जमिनी दिल्या व ज्यांनीं घाम गाळला, त्या पूर्वजांचें आपण कृतज्ञतापूर्वक स्मरण करतों. तें योग्यच आहे. परंतु धर्मग्राम केवळ दगडविटांचा नसतो. आजाऱ्याच्या खाटेपाशीं, विधवेच्या चुलीपाशीं, काम सुटलेल्या मजुराच्या घरीं जे स्त्रीपुरुष वेतनाची वा मानाची अपेक्षा न ठेवतां जातात, त्यांच्यावरही तो उभा असतो. अशा सामान्य संसारी माणसांना एकत्र येऊन गरिबांची सेवा करण्याची साधी रीत ज्या पुरुषानें घालून दिली, त्याचें चरित्र या मंगल प्रसंगीं वाचकांपुढें ठेवीत आहों. हा पुरुष धर्मगुरु नव्हता, मठवासी नव्हता, धनिकही नव्हता. तो एक प्रोफेसर होता, पति होता, एका मुलीचा पिता होता; आणि त्याला आयुष्य लाभलें तें अवघें चाळीस वर्षांचें.

फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजीं इटलींतील मिलान शहरीं झाला. आईबाप फ्रेंच होते, आणि मिलान त्या वेळीं नेपोलियनच्या अमलाखालीं होतें. वडील पूर्वीं सैन्यांत होते व पुढें डॉक्टर झाले. १८१६ सालीं हें कुटुंब फ्रान्समधील लिऑन शहरीं येऊन राहिलें. आईच्या पोटीं चौदा मुलें झालीं, परंतु त्यांतील बहुतेक बालपणींच दगावलीं.

लिऑनमध्यें त्या काळीं उंच व अरुंद इमारती असत. खालच्या मजल्यांवर खाऊनपिऊन सुखी लोक राहत, आणि अगदीं वर, छपराखालच्या खोल्यांतून गरीब लोक दिवस काढीत. डॉक्टर ओझानाम अशा गरिबांना फुकट औषध देत, आणि त्यांची पत्नीही आजाऱ्यांच्या समाचाराला जात असे. वय होत चाललें तेव्हां दोघांनीं एकमेकांकडून वचन घेतलें कीं, यापुढें चौथ्या मजल्याच्या वर चढावयाचें नाहीं. असें सांगतात कीं, एके दिवशीं दोघेंही वचन मोडून चोरून वर गेलीं आणि एका माळ्यावरील खोलींत एकमेकांच्या समोर उभीं ठाकलीं! पुढें १८३७ सालीं रोग्याला पाहावयास गेले असतां जिन्यावरून पडून डॉक्टरांचा अंत झाला. अशा आईबापांच्या पोटीं आलेल्या मुलाला दया हा पुस्तकी विषय वाटला नाहीं, यांत नवल काय?

तथापि फ्रेडरिक यांची श्रद्धा त्यांना आयती मिळाली नव्हती. शाळेंत असतांना, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, धर्माविषयींच्या शंकांनीं त्यांचें मन पोखरून निघालें. तत्त्वज्ञान शिकविणारे धर्मगुरु आबे न्वारो यांनीं त्यांना न रागावतां, धीर धरून, बरोबर फिरावयास नेऊन विचारांची वाट दाखविली. त्या वादळांतून ते सुखरूप बाहेर पडले, आणि शंकाकुल माणसाविषयीं त्यांच्या मनांत कायमची सहानुभूति राहिली.

१८३१ सालीं कायद्याच्या अभ्यासासाठीं ते पॅरिसला गेले. विद्युत्शास्त्रांतील थोर पंडित आंद्रे-मारी आंपेर यांनीं त्यांना आपल्या घरीं ठेवून घेतलें. एवढा मोठा शास्त्रज्ञ देवळांत नम्रपणें गुडघे टेकून प्रार्थना करीत असे, हें पाहून या तरुणाला फार मोठा आधार मिळाला. कारण बाहेर विद्यापीठांत वारा उलटा वाहत होता. १८३० च्या राज्यक्रांतीनंतर धर्माची थट्टा करणें हें सुशिक्षितपणाचें लक्षण मानलें जात होतें. १८३२ सालीं पॅरिसमध्यें पटकीची भयंकर सांथ आली व तींत अठरा हजारांवर माणसें मेलीं. गरीब वस्त्यांतून प्रेतांच्या गाड्या जात होत्या, आणि वर्गांतून धर्म जुना झाला कीं काय, यावर वाद चालले होते.

अशा वादांसाठीं एक इतिहासमंडळ होतें. एमान्युएल बायी नांवाचे चाळिशीच्या घरांतील एक पत्रकार त्याला आश्रय देत. ओझानाम व त्यांचे कॅथॉलिक मित्र तेथें ख्रिस्तसभेच्या बाजूनें हिरिरीनें बोलत. एके दिवशीं प्रतिपक्षाच्या एका तरुणानें त्यांना विचारलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कामें केलीं हें मान्य आहे, पण आज तुम्ही स्वतः गरिबांसाठीं काय करीत आहां? या प्रश्नाला त्यांच्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसरा एखादा असता तर त्यानें संतापून आणखी एक भाषण केलें असतें. ओझानाम घरीं गेले तें हें मनांत ठेवून कीं, विचारणारा विरोधक असला तरी प्रश्न खरा आहे. असें सांगतात कीं, त्यांनीं व त्यांच्या एका मित्रानें आपल्यापाशीं थंडीसाठीं राखून ठेवलेलें जळण उचललें आणि तें एका गरीब कुटुंबाला नेऊन दिलें.

२३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशीं, बायी यांच्या ‘ट्रिब्यून कॅथोलिक’ या पत्राच्या कचेरींत सात जण जमले. सहा विद्यार्थी होते : ओझानाम, लालिये, लामाश, क्लाव्हे, ल ताय्यांदिये व दव्हो. सातवे स्वतः बायी. त्यांनाच अध्यक्ष नेमलें. पैसा नाहीं, अनुभव नाहीं, गरिबांची ओळखही नाहीं. म्हणून ते सिस्टर रोझाली या धर्मभगिनीकडे गेले. संत विन्सेंट द पॉल यांच्या ‘दयेच्या कन्या’ या संघांतील ही भगिनी पॅरिसच्या मूफ्तार या दरिद्री वस्तींत अनेक वर्षें राबत होती. तिनें या मुलांना घरें दाखविलीं, भाकरीच्या व कोळशाच्या चिठ्ठ्या हातीं दिल्या, आणि गरिबांना दोष न देतां त्यांचें ऐकून कसें घ्यावें, हें शिकविलें. पुढच्याच वर्षीं मंडळानें संत विन्सेंट यांना आपले आश्रयदाते संत मानलें.

मंडळाची कार्यपद्धति अगदीं साधी होती. आठवड्यांतून एकदां जमावयाचें, प्रार्थना करावयाची, कोणत्या कुटुंबाला काय हवें याचा विचार करावयाचा, आणि शेवटीं पिशवी फिरवावयाची. कोणीं किती टाकलें हें कोणाला कळूं नये. परंतु मुख्य काम त्यापुढें होतें. मदत कोणाच्या हातीं पाठवून द्यावयाची नव्हती. प्रत्येकानें स्वतः त्या घरीं जावयाचें होतें. गरिबाला रांगेंत उभें करून दान देणें सोपें असतें. त्याच्या घरीं जाऊन, त्याच्या मोडक्या बाकावर बसून, त्याच्या मुलांचीं नांवें लक्षांत ठेवणें कठीण असतें. ओझानाम यांचा अनुभव असा होता कीं, अशा भेटींत घेणारा एकटा गरीब नसतो. जाणाराही कांहीं घेऊन परततो. वादांत डळमळणारी श्रद्धा त्या अंधाऱ्या जिन्यांवर स्थिर होते. म्हणूनच हें मंडळ गरिबांइतकेंच आपल्या सभासदांच्या आत्म्यांसाठीं आहे, असें ते मानीत.

दीड वर्षाच्या आंत सभासद शंभरावर गेले आणि पहिलें संकट उभें राहिलें. ओझानाम यांनीं सुचविलें कीं, मंडळाचे विभाग करून तीं निरनिराळ्या धर्मग्रामांत न्यावींत. पुष्कळांना हें सहन झालें नाहीं. मैत्री तुटेल, आपुलकी जाईल, असें त्यांना वाटलें. सभा कडाक्याच्या झाल्या. परंतु जी मैत्री आपल्यापुरतीच राहते ती हळूहळू आळसावते, हें ओझानाम जाणून होते. अखेर १८३५ सालीं विभागणी झाली, आणि त्याच वर्षाअखेर मंडळाची नियमावली तयार झाली. त्या दिवशीं जर मित्रांनीं एकाच खोलींत राहण्याचा हट्ट धरला असता, तर तें मंडळ त्यांच्या पदवीपरीक्षांबरोबरच संपलें असतें.

पुढें ओझानाम कायद्याचे व वाङ्मयाचे डॉक्टर झाले. इटालियन महाकवि दांते याच्यावर त्यांनीं प्रबंध लिहिला. कांहीं काळ लिऑनला व्यापारी कायदा शिकविला. या शहरांत रेशीम विणणाऱ्या मजुरांचे १८३१ व १८३४ सालीं दंगे झाले होते. मजुराला त्याच्या कुटुंबाचें पोषण होईल व म्हातारपण निभावेल असें वेतन मिळावें, त्याला यंत्रासारखें वापरून घेणें हा अन्याय आहे, असें त्यांनीं आपल्या व्याख्यानांतून प्रतिपादिलें. पोप तेरावे लिओ यांचें मजुरांविषयींचें प्रसिद्ध परिपत्रक १८९१ सालचें. ओझानाम यांचे हे विचार त्याच्याही अर्धशतक आधींचे आहेत. दया जखम बांधते, पण जखमच होऊं नये यासाठीं न्याय हवा, ही त्यांची शिकवण होती.

संन्यास घ्यावा कीं संसार करावा, या विवंचनेंत त्यांनीं बरींच वर्षें घालविलीं. शेवटीं २३ जून १८४१ रोजीं आमेली सूलाक्र्वा हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. प्रत्येक महिन्याच्या २३ तारखेला ते तिला फुलें देत. १८४५ सालीं त्यांना मारी ही मुलगी झाली. १८४४ पासून ते सॉर्बोन विद्यापीठांत परदेशी वाङ्मयाचे मुख्य प्रोफेसर होते. एवढा व्याप असूनही गरिबांच्या घरीं जाणें त्यांनीं सोडलें नाहीं.

१८४८ सालीं पुन्हां क्रांति झाली. ओझानाम यांनीं मित्रांसह एक वृत्तपत्र चालविलें, निवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. जून महिन्यांत उपाशी मजूर व सैन्य यांच्यांत पॅरिसच्या रस्त्यांवर लढाई जुंपली. तेव्हां ते दोन मित्रांसह आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले आणि त्यांनीं मध्यस्थी करावी अशी विनंति केली. आर्चबिशपसाहेब निघाले. २५ जून रोजीं शांततेचे शब्द बोलत असतांनाच त्यांना गोळी लागली, व दोन दिवसांनीं त्यांनीं प्राण सोडला. आपल्या शब्दावरून हा सज्जन मरणाच्या तोंडीं गेला, याचें दुःख ओझानाम यांना फार झालें. तरीही त्यांनीं मजुरांना शिव्याशाप दिले नाहींत; उलट बंड मोडलें तरी बंडाला कारण झालेलें दारिद्र्य तसेंच आहे, हें ते सुखवस्तु लोकांना बजावीत राहिले.

त्यांच्या घरगुती आयुष्यांतील एक गोष्ट सांगतात. एका नववर्षदिनीं त्यांना आठवलें कीं, आपल्या ओळखीच्या एका गरीब कुटुंबानें आपलें खणांचें कपाट गहाण टाकलें आहे. पूर्वींच्या बऱ्या दिवसांची तेवढीच एक खूण त्यांच्याकडे उरली होती. तें सोडवून द्यावें असें त्यांच्या मनांत आलें, पण पत्नीनें व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्यावर त्यांनीं तो बेत टाकला. संध्याकाळीं मुलीभोंवतीं खेळणीं पसरलेलीं होतीं आणि बाप मात्र उदास बसला होता. कारण कळतांच पत्नीनेंच त्यांना जावयास सांगितलें. ते धांवत गेले, कपाट सोडवून त्या घरीं पोंचविलें, आणि प्रसन्न मुखानें परतले.

मूत्रपिंडाच्या विकारानें शरीर खंगत चाललें होतें. १८५२ सालीं विद्यार्थी वाट पाहत आहेत असें कळतांच आजाराच्या बिछान्यावरून उठून त्यांनीं व्याख्यान दिलें. त्यानंतर हवापालटासाठीं ते इटलींत राहिले. तेथेंही नवीं मंडळें निघावींत म्हणून खटपट करीत राहिले, आणि पवित्र शास्त्रांतील उतारे निवडून आजाऱ्यांसाठीं एक पुस्तक तयार केलें. परततांना मार्सेय बंदरीं, ८ सप्टेंबर १८५३ रोजीं, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशीं त्यांनीं देह ठेवला.

या मंडळाचें मुख्य अध्यक्षपद त्यांच्याकडे कधींही नव्हतें, आणि संस्थापक हें नांव ते एकट्याकडे घेत नसत. २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं पॅरिसच्या नोत्रदाम महामंदिरांत त्यांना धन्यवादित घोषित केलें. सिस्टर रोझाली यांनाही २००३ सालीं तोच मान मिळाला. आज सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी जगांतील सुमारें दीडशे देशांत काम करते, आणि मुंबई-वसईकडील अनेक धर्मग्रामांतही तिचे सभासद गुपचूप घरोघर जात असतात.

प्रिय वाचकहो, ज्युबिलीचे मंडप उतरतील, पताका काढल्या जातील. आपल्या धर्मग्रामांत त्या दिवशींही कोणीतरी वरच्या मजल्यावर एकटें पडून असेल, कोणाच्या घरीं चूल पेटली नसेल. आपण आज काय करीत आहां, हा त्या तरुणाचा प्रश्न तेव्हांही खरा असेल. ओझानाम यांनीं त्याचें उत्तर वादानें दिलें नाहीं. ते जिना चढून गेले. त्यांच्या मध्यस्थीनें प्रभु आपणांसही तेवढें बळ देवो.